तीन दिवसांच्या तापाला सर्टिफिकेट कशाला?



या पानावर आपण जुने वाडे, गणपती, शाळा, आजीच्या हातचे पदार्थ असं सगळं लिहीत-वाचत असतो. आज मी जरा रुक्ष विषय घेतोय. आजारपणाची रजा आणि तिला लागणारे कागद. पण रुक्ष म्हणून पुढे सरकू नका. इंदूर काय, ग्वाल्हेर काय, बडोदा, हैदराबाद, बेळगाव काय, आपल्या घरांतून चार-चार पिढ्या नोकरीवरच जगल्या आहेत. आधी संस्थानची, मग सरकारची, रेल्वेची, पोस्टाची, एजी ऑफिसची, बँकेची. आपल्याकडे पाहुणा आला की चहाबरोबर ईएल किती शिल्लक हे विचारलं जायचं. तेव्हा रजेचा नियम हा आपला घरगुतीच विषय आहे.

गेल्या आठवड्यात इथे एका लेखाखाली यावरून चांगलीच जुंपली होती. निवृत्त मंडळींचं म्हणणं, सर्टिफिकेटची सक्ती काढली तर उद्या ऑफिसात पंखा लावायलाही कोणी सापडणार नाही. नोकरीतली तरुण मंडळी म्हणत होती, तापाने फणफणलेल्या माणसाने ओपीडीच्या रांगेत दोन तास उभं राहायचं ते काय बरं होण्यासाठी? चार ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लांबण.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या तीन दिवसांच्या आजाराला डॉक्टरचा कागद मागू नये. कर्मचाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहून द्यावं, आणि ते दिवस आजारपणाच्याच खात्यात नावे टाकावेत. लांबलेल्या आजारात मात्र तपासणी खरीखुरी व्हावी, आज होते तशी नावापुरती नाही. आणि आजाराचं नाव बाबूच्या टेबलावरून फिरू नये. हे मी वयाने निवृत्तांच्या बाजूला बसून म्हणतोय, हे लक्षात घ्या. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची बरीचशी शाखा सांभाळण्यात. म्हणजे स्वतः रजा मागण्यापेक्षा दुसऱ्यांच्या रजेवर सही करण्यात जास्त वर्षं गेली.

आता नियम काय आहे ते बघू. केंद्र सरकारचे रजेचे नियम १९७२ चे. मध्य प्रदेशाने आपले १९७७ साली केले, महाराष्ट्राने १९८१ साली. पण सगळ्यांचा सांगाडा एकच, तो इंग्रजांच्या १९२२ सालच्या मूलभूत नियमांतून आलेला. त्यातलं पहिलं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, रजा हा हक्क नाही. नावं तेवढी प्रांताप्रमाणे बदलतात. आमच्याकडे जो 'लघुकृत अवकाश', तीच महाराष्ट्रात 'परिवर्तित रजा', आणि आमच्याकडचा 'अर्जित अवकाश' म्हणजे बेळगावकडच्या कानडी कागदावर 'गळिके रजे'.

केंद्राच्या नियमांत १९ नंबरचा नियम आजारपणाचा. सर्टिफिकेट 'नमुना ३' मध्ये हवं. सीजीएचएसचा लाभार्थी असेल तर तिथल्या डॉक्टरचं, नाहीतर सरकारी दवाखान्याचं किंवा अधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्याचं. कर्मचाऱ्याची सही आधी, मग डॉक्टर लिहिणार की वर ज्याची सही आहे त्याला मी स्वतः काळजीपूर्वक तपासलं, त्याला अमुक आजार आहे, आणि प्रकृती सुधारण्यासाठी अमुक दिवस कामावरून दूर राहणं अत्यंत आवश्यक आहे. बरं वाटल्यावर 'नमुना ५', म्हणजे फिटनेस. तो दिल्याशिवाय हजर होता येत नाही. आणि एवढं सगळं देऊनही नियम म्हणतो की सर्टिफिकेट मिळालं म्हणजे रजा मिळाली असं नाही. वरिष्ठाच्या हुकमाची वाट बघायची.

याच नियमात एक सोयीचं कलमही आहे, आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. रजा तीन दिवसांपर्यंत असेल तर वरिष्ठ आपल्या अधिकारात सर्टिफिकेट माफ करू शकतो. वाचल्यावर वाटतं, मग भांडण कसलं? भांडण पुढच्या वाक्यात आहे. अशी माफी दिलेली रजा ही वैद्यकीय रजा धरायची नाही, ती दुसऱ्या रजेतून वजा करायची.

मी कॉमर्सचा माणूस, मला हे खातेवहीतच समजतं. सरकारी नोकराच्या रजेची मुख्य खाती दोन. अर्जित रजा, ती १ जानेवारीला पंधरा आणि १ जुलैला पंधरा दिवस आगाऊ जमा होते. अर्धपगारी रजा, ती त्याच दोन तारखांना दहा-दहा दिवस. आजारात पूर्ण पगार हवा असेल तर अर्धपगारीचं रूपांतर करायचं, एका दिवसाला दोन दिवस नावे पडतात. म्हणजे वर्षाच्या वीस अर्धपगारी दिवसांचे आजारपणासाठी पूर्ण पगाराचे दहा दिवस झाले. किरकोळ रजा, आपली सीएल, ती केंद्रात वर्षाला आठच आणि तिला नियमांत रजा असं म्हणतही नाहीत. ती तर दिवाळीच्या आत मुलांच्या शाळेत, गॅसवाल्यात आणि कोणाच्या तरी बाराव्या-तेराव्यात संपते.

आता समजा दोघेजण आहेत. दोघांनाही दोन दिवस ताप. पहिला सरळ माणूस. घरी पडून राहिला, क्रोसिन घेतली, तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, साहेब, डॉक्टरकडे गेलो नाही, ताप उतरला. साहेब भला, त्याने सर्टिफिकेट माफ केलं. सीएल संपलेली, म्हणून अर्जित रजेतून दोन दिवस गेले. अर्जित रजेचे ३०० दिवसांपर्यंत निवृत्तीच्या वेळी पैसे मिळतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून नव्वद हजार असतील तर एका दिवसाचे तीन हजार, दोन दिवसांचे सहा हजार झाले. दुसरा व्यवहारी. त्याने गल्लीतल्या ओळखीतून दोनशे रुपयांत कागद आणला. त्याचे दिवस अर्धपगारीतून गेले, आणि ते खातं माझ्या पाहण्यात बहुतेकांचं शेवटपर्यंत भरलेलंच राहतं. ज्याची ३०० दिवसांची घागर भरून वाहतेय त्याला फरक पडत नाही, हे खरं. पण पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला पडतो. थोडक्यात, खरं बोलण्याची किंमत सहा हजार आणि खोट्या कागदाची दोनशे. असं कोष्टक मांडून ठेवायचं आणि वर म्हणायचं की कर्मचारी खोटी सर्टिफिकेटं आणतात!

खोटी आणतात का? आणतात की. ते नाकारून चालणार नाही. बदलीची ऑर्डर निघाली की ऑफिसात साथ येते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे त्याला 'मेडिकल लावणं' म्हणतात. लग्नसराईत कंबरदुखी वाढते, कारण कंबरदुखी एक्स-रेत दिसत नाही. कावीळ म्हटली की एकवीस दिवस, टायफॉइड म्हटला की पंधरा, हे भाव बडे बाबूंना तोंडपाठ असायचे. निवडणूक आली की शिक्षक आणि बाबू मंडळींचे अर्ज असे काही येतात की कलेक्टरला मेडिकल बोर्ड बसवावं लागतं. संपाची परवानगी नाही मिळाली तर सामूहिक मेडिकल टाकायचं, हाही आपल्याकडचा जुना डाव.

नियम करणारेही भोळे नव्हते. 'नमुना ३' च्या खाली बारीक अक्षरांत एक टीप आहे, ती मला फार आवडते. अमुक गावची हवा या कर्मचाऱ्याला मानवत नाही, किंवा त्याला अमुक ठिकाणी राहणं गरजेचं आहे, असं लिहायची डॉक्टरला मुभा नाही. कार्यालयाने स्वतः होऊन विचारलं तरच त्याने असं मत द्यायचं. म्हणजे झाबुआला बदली झाली की इंदूरच्या हवेची गरज निर्माण होते, हे त्यांनी कधीच ओळखलेलं होतं.

पण मंडळी, नीट बघा. या सगळ्या उदाहरणांत कागद होता. बदलीच्या मेडिकलला कागद होता, लग्नातल्या कंबरदुखीला होता, निवडणुकीतल्या रक्तदाबाला तर ईसीजीसकट होता. कामचुकार माणूस कागदावाचून कधी अडत नाही. तोच त्याचा अभ्यासाचा विषय असतो. कुठला डॉक्टर देतो, किती दिवसांचं देतो, मागची तारीख घालतो का, सगळं त्याला ठाऊक. अडतो तो दुसराच.

माझी भाची शिक्षिका आहे, धार जिल्ह्यात एका आडगावातल्या सरकारी शाळेत. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिला ताप भरला. पहिले दोन दिवस खोलीतच होती. हेडमास्तरांना फोन केला, मेसेज टाकला. ते म्हणाले आराम करा. तिसऱ्या दिवशी उभं राहवेना तेव्हा गावातल्या कोणीतरी मोटारसायकलवर मध्ये बसवून तहसीलच्या दवाखान्यात नेलं. डेंग्यू निघाला. प्लेटलेट उतरल्या, मग इंदूर, मग आमच्या घरी. एकंदर नऊ दिवसांनी हजर झाली तर संकुलातून विचारणा, पहिल्या दोन दिवसांचं सर्टिफिकेट कुठे आहे? डॉक्टरने ज्या दिवशी तपासलं त्या दिवसापासूनच दिलं होतं, आणि ते बरोबरच होतं. मग फिटनेस ज्या डॉक्टरचा तो सर्टिफिकेट देणाऱ्यापेक्षा वेगळा का? कारण बाई आजारी पडल्या एका गावात आणि बऱ्या झाल्या दुसऱ्या गावात! फाइल तीन टेबलं फिरली आणि नऊ दिवसांचा पगार चार महिने अडकला. खोलीचं भाडं आणि घरचं बघून त्या पोरीचे हाल झाले. शेवटी कोणीतरी तिला शहाणपण शिकवलं की दोन दिवसांचं मागच्या तारखेचं आणून टाका, विषय संपेल. तिने नाही आणलं. ते दोन दिवस बिनपगारी झाले.

त्याच संकुलात दर वर्षी मे महिन्याच्या आसपास मेडिकल लावणारे गृहस्थ आहेत, त्यांचा पगार एकदाही अडकलेला नाही. त्यांचे कागद नेहमी पूर्ण असतात.

डॉक्टरांचीही बाजू ऐका. आमच्या नात्यातले एक जण सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले. त्यांना मी विचारलं की तुम्ही लोक का देता असले कागद? ते म्हणाले, सकाळच्या ओपीडीत शंभर माणसं बाहेर उभी असतात. त्यातले पंधरा आजारी नसतात, कागदासाठी आलेले असतात. त्यातले दहा जण कालपर्यंत खरंच आजारी होते, आज बरे होऊन आलेत. आता उतरून गेलेला ताप मी कुठल्या नळीने ऐकू? मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरला दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटचं रजिस्टर ठेवावं लागतं, त्यावर पेशंटची सही किंवा अंगठा, पत्ता, अंगावरची एखादी खूण नोंदवावी लागते. खोटं सर्टिफिकेट दिल्याचं सिद्ध झालं तर रजिस्टरमधून नाव कमी होऊ शकतं. म्हणजे नियमाला चिकटून राहणाऱ्या डॉक्टरचा वेळ उतरलेल्या तापाची कारकुनी करण्यात जातो, आणि बाहेर खरोखरचा न्यूमोनियावाला बाकावर बसून राहतो.

आता आजाराच्या नावाकडे येतो. माझ्या मते सगळ्यात वाईट गोष्ट ती आहे, आणि वादात तिच्याबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही.

'नमुना ३' मध्ये आजाराचं नाव लिहावं लागतं, टीपही तेच सांगते. तो कागद जातो कुठे? आधी आवक-जावक. मग डाकेच्या फोल्डरमध्ये घालून शिपाई नेतो. मग आस्थापनेचा बाबू, मग बडे बाबू, मग साहेब, मग परत त्याच वाटेने खाली, आणि शेवटी पर्सनल फाइलीत टाचून कायमचा. वाटेत जो कोणी कागद हातात घेतो तो वाचतो. वाचायला बंदी कुठे आहे? टीबी असेल तर दुसऱ्या दिवसापासून चहाचा कप वेगळा. केंद्राच्या नियमांत गर्भपातासाठी पूर्ण नोकरीत ४५ दिवसांची रजा आहे, चांगली तरतूद आहे, पण तिलाही वैद्यकीय सर्टिफिकेट लागतं. म्हणजे घरात सासूलाही अजून नीट सांगितलेलं नाही ते दुःख बाईने आवक-जावकच्या खिडकीत शिक्का मारायला द्यायचं.

माझ्या नोकरीच्या काळातला एक सहकारी आठवतो, मी तेव्हा खालच्या पदावर होतो. अतिशय हुशार, बॅलन्सिंगला बसला की पैचा फरक शोधून काढणारा. त्याला डिप्रेशनचा त्रास सुरू झाला. तेव्हा हा शब्दही फारसा कोणी वापरत नसे. त्याने सरळपणाने मानसोपचार तज्ज्ञाचं सर्टिफिकेट जोडून तीन आठवड्यांची रजा घेतली. परत आला तेव्हा शाखेत सगळ्यांना माहीत होतं. कोणी वाईट बोललं नाही, उलट सगळे फार जपून बोलायला लागले, आणि त्याला तेच सोसलं नाही. कॅशवर बसवणं बंद झालं. पुढे त्याला पुन्हा दोन-तीनदा रजा लागली, तेव्हा त्याने कंबरदुखीचं सर्टिफिकेट आणलं. आजार खरा, कागद खोटा. गोळ्या मात्र त्याने लपूनछपून घेतल्या, आणि मधेच सोडल्या, कारण कंबरदुखीवाल्याच्या ड्रॉवरमध्ये त्या गोळ्या कशा दिसणार? प्रमोशनच्या वयात त्याने राजीनामा दिला.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा रुग्णाला आपल्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. डॉक्टरने ती बाहेर सांगायची नाही. पण पगार हवा असेल तर रुग्णानेच ती लेखी आणून टेबलावर ठेवायची, असं आपलं चाललंय.

मी शाखा सांभाळायला लागल्यावर एवढं केलं होतं की मेडिकल सर्टिफिकेट बंद पाकिटात माझ्या नावाने द्यायचं. अर्जावर फक्त 'आजारपण' आणि तारखा. पाकीट उघडून मी तारखा ताडून पाहायचो आणि ते माझ्या कपाटात कुलूपबंद. त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही, सर्क्युलर लागलं नाही, लिफाफे तेवढे जास्त लागले.

बँकेची आणखी एक गंमत सांगतो, विषयाला धरूनच आहे. बँकेत कॅशच्या तिजोरीला दोन चाव्या, त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. त्यातला एक आजारी पडला की सकाळी नऊ वाजता सर्टिफिकेटाची चिंता कोण करतो? आधी चावी! मग एक जण त्याच्या घरी जायचा, रजिस्टरवर सही घ्यायचा, चावी ताब्यात घेऊन यायचा. जो जाऊन यायचा तो आल्यावर सांगायचा, साहेब, माणूस घोंगडीत आहे, चार दिवस तरी येत नाही. किंवा काहीच न बोलता गालात हसायचा. त्या एका फेरीत जे कळायचं ते कुठल्याही कागदावर कधी कळलं नाही. आणि हेही सांगून ठेवतो की रजा कमी घेणारा तो प्रामाणिक, हे बँकेत तरी खरं नाही. जोखमीच्या जागेवरच्या माणसाला वर्षातून किमान दहा कामाचे दिवस, आधी न सांगता, सक्तीने रजेवर पाठवा असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. कारण टेबल सोडायला जो कधीच तयार नसतो त्याच्या टेबलाखाली काहीतरी असू शकतं.

मग लबाडांचं काय करायचं, हा निवृत्तांचा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर त्याच १९ नंबरच्या नियमात आहे. वरिष्ठाला शंका आली तर तो दुसरं वैद्यकीय मत मागवू शकतो. सिव्हिल सर्जन किंवा स्टाफ सर्जनच्या दर्जापेक्षा खाली नसलेल्या सरकारी डॉक्टरकडून, आणि तेही शक्य तितक्या लवकर. त्या डॉक्टरने दोन गोष्टींवर मत द्यायचं असतं, आजार खरा आहे का आणि मागितलेले दिवस खरंच लागतात का. इतकं धारदार हत्यार हातात आहे. किती साहेब ते वापरतात? माझ्या ओळखीत फार थोडे. कारण त्याला पत्र लिहावं लागतं, स्वतःच्या सहीने शंका घ्यावी लागते, उद्या युनियनवाला आला तर उत्तर द्यावं लागतं. त्यापेक्षा सगळ्यांकडूनच कागद मागणं सोपं. कागद आला की साहेबाची जबाबदारी संपली. खोटा निघाला तर डॉक्टरचा दोष, नाही आला तर कर्मचाऱ्याचा. मला विचाराल तर सर्टिफिकेटची सक्ती कामचुकारांना धाक म्हणून टिकलेली नाही, साहेबांना ढाल म्हणून टिकली आहे.

माझ्या चुलत पुतण्याची सून विलायतेत सरकारी इस्पितळात नर्स आहे. तिकडे आजारपणाचे पहिले सात दिवस, मधली सुट्टी धरून, कर्मचारी स्वतःच्या सहीवर लिहून देतो. डॉक्टरचा कागद लागतो तो त्यानंतर. तो कागद नुसता 'कामाला अयोग्य' एवढंच म्हणत नाही, 'हलकं काम दिलं तर येऊ शकेल' असंही म्हणू शकतो. २०२२ पासून तर नर्स, फार्मसिस्ट, फिजिओथेरपिस्टलाही तो देता येतो. मी तिला विचारलं, मग लोक दर सोमवारी आजारी पडत नाहीत? म्हणाली, काका, पडतात ना थोडे. पण वारंवार झालं की मॅनेजर बोलावून समोर बसवते आणि विचारते, काय होतंय तुला? आपल्याकडे सात दिवस पेलणार नाहीत, हे मलाही कळतं. म्हणून मी तीनच म्हणतो, आणि तेही वर्षातून चार-पाच वेळांपर्यंत. सहाव्या वेळी साहेबाने समोर बसवून विचारावं.

आपल्याकडचं तीन दिवसांचं कलम आधीच छापलेलं आहे. त्यातलं 'दुसऱ्या रजेतून वजा करावी' एवढं वाक्य बदललं तरी माझं निम्मं म्हणणं संपतं. अर्धपगारीतून दुप्पट दिवस नावे टाका, पण आजाराला आजार म्हणा. सरकारच्या तिजोरीतून एक पैसा जास्त जात नाही, कारण ते दिवस त्याच्या खात्यात आधीच जमा आहेत. उरलेलं निम्मं म्हणजे आजाराचं नाव. डॉक्टरने कार्यालयाला फक्त 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामाला अयोग्य' इतकं द्यावं. निदान आपल्या रजिस्टरमध्ये ठेवावं, आणि दुसरं मत मागवलं तर ते डॉक्टरकडून डॉक्टरकडे जावं. आस्थापनेच्या बाबूला टायफॉइड आणि टीबीतला फरक कळून करायचंय काय? त्याला वजाबाकी करायची आहे.

एक जुना स्नेही, तेही रजेच्या फाइली हाताळून निवृत्त झालेले, मला म्हणाले की तुम्ही बँकेतले, तुमच्याकडे गिऱ्हाईक समोर उभं असतं म्हणून माणूस घरी बसला की लगेच कळतं. सरकारी ऑफिसात महिनाभर कोणी नसलं तरी काम अडत नाही, तिथे कागदच हवा. मी त्यांना म्हटलं, अहो, मग तो आजार रजेच्या नियमाने बरा होणार नाही. ते हसले. पण त्यांचा मुद्दा मी पूर्ण खोडून काढू शकलो नाही, हे इथे नोंदवतो.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत नोकरीत असलेल्या मुलामुलींना चार गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या. आजारी पडल्याच्या पहिल्या दिवशीच मेसेज टाका आणि तो पुसू नका, फोनवरचं बोलणं नंतर कोणाला आठवत नाही. डॉक्टरकडे उशिरा गेलात तर मागची तारीख मागू नका. अर्जातच सरळ लिहा की पहिले दोन दिवस दवाखान्यात जाता आलं नाही, ते माफ करावेत, आणि नियमातल्या तीन दिवसांच्या कलमाचा उल्लेख करा. राज्याचे नोकर असाल तर आपल्या राज्याच्या नियमांत ती सवलत कशी दिली आहे ते आधी पाहून घ्या. ओपीडीची चिठ्ठी, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांची बिलं एका पिशवीत ठेवा. सर्टिफिकेट देण्याआधी झेरॉक्स काढा, मूळ कागद बंद पाकिटात द्या, वर 'गोपनीय' लिहा आणि झेरॉक्सवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शिक्का जेवणाच्या सुट्टीनंतर मिळेल म्हणाले तर बाहेर बाक असतो, त्यावर बसा.